हुकूम पोचेपर्यंत: माजरी ते एटापल्ली

चंद्रपूर-गडचिरोलीला जाऊन आले म्हटल्यावर फलटणला आमच्या आळीत प्रत्येकीनं एकच विचारलं, वाघ दिसला का? नाही दिसला. वाघाची पाटी दिसली, वाघाच्या नावाची चहाची टपरी दिसली. मी पाहिलं ते वेगळंच. चार शिकलेली, कमावती, तिशी ओलांडलेली माणसं एका खेळण्यातल्या शिपायावरून तीन दिवस भांडत होती. शिपाई केवढा, तर माझ्या बोटाच्या पेराएवढा. तो एकनिष्ठ की पाखंडी, एवढाच वाद. हसू नका. पहिल्या दिवशी मीही हसले होते.

माजरी

माझी थोरली, सुजाता, माजरीला कोळशाच्या खाणीच्या प्रयोगशाळेत आहे. खाणीतला कोळसा जाळून मागे राख किती उरते ते बघायचं, हे तिचं काम. लग्न केलेलं नाही. करणार का, हे मी विचारायचं सोडलं. डिसेंबरात तिनं बोलावलं म्हणून गेले.

माजरीत डोंगर आहेत, पण देवानं केलेले नाहीत. कोळशावरची माती काढून टाकायची, तिचे हे डोंगर. त्यांच्यावरही झाडं उगवलीत, म्हणजे आता खरेच म्हणायचे. पहिल्या दिवशी मी हौसेनं पांढरं पातळ धुऊन अंगणात वाळत घातलं. संध्याकाळी काढायला गेले तर त्यावर काळी नक्षी. शेजारीण म्हणाली, "इथी बाहेर नोका वाळवू, बाई. घरात दोरी बांधा." तेव्हापासून सुजाताच्या पुढच्या खोलीत दोरी, आणि दोरीखाली तिचं युद्ध.

खरंच युद्ध. कॉटखालून तिनं प्लायवुडच्या दोन फळ्या काढल्या, त्यावर थर्माकोलच्या टेकड्या मांडल्या आणि पत्र्याच्या पेटीतून कापसात गुंडाळलेले शिपाई काढले. नळ गळायला लागला की लावतात ना तो दोन रंगांचा मसाला, त्याचे केलेले. बंदुका म्हणजे बंद पडलेल्या घड्याळांचे काटे. खेळ मुळात परदेशातला, बाहुल्या तिकडून मागवायच्या म्हणजे पगार जायचा. यांच्याकडे नियमांची फक्त झेरॉक्स होती. बाकी सगळं यांनीच रचलं.

गोष्ट अशी. सात ताऱ्यांचं एक राज्य. मूळ ग्रह बुडालेला. बुडताना त्यानं आपल्या माणसांकडून शपथ घेतली, की वरून आलेला हुकूम मोडायचा नाही. ती पाळतो तो एकनिष्ठ, मोडतो तो पाखंडी. आता तारे लांब लांब, त्यामुळे हुकूम निघाला तरी पोचायला वेळ लागतो. फळीवर हुकूम म्हणजे सदऱ्याचं एक बटण. दर डावाला ते एक वीत पुढे सरकवायचं. शिपायापर्यंत आलं, की हुकूम पोचला.

"कुणाची वीत?" मी विचारलं.

"निर्मलची. त्याचाच हात मधला आहे."

खेळणारे चौघं. माजरीची ही, चंद्रपूरचा सलीम, मुलचेऱ्याचा निर्मल आणि एटापल्लीचे मडावी. वर्षातून एकदा, थंडीत जमतात. मागच्या थंडीत सुजाता सेनापती होती. वेशीवर तिच्याच बाजूच्या सलीमची माणसं होती आणि पहिला हुकूम होता की शत्रू दिसला की वेस सोडून मागे या. मग हिचं मन बदललं. दुसरा हुकूम सोडला, वेस सोडू नका. बटण दोन विती अलीकडे होतं तेव्हाच शत्रू दिसला. सलीमनं जुन्या हुकमाप्रमाणे वेस सोडली. मागे उभी असलेली सुजाताची सगळी फौज कापली गेली.

"त्याला बटण दिसत होतं, आई. डोळ्यांसमोर येत होतं. तरी निघाला." वर्ष होऊन गेलं तरी तिचा आवाज चढला. "म्हणून मी पाखंडाचा आरोप ठेवला आहे. माझं मत झालं, आता बाकी दोघांनी द्यायचं."

प्रत्येक एकनिष्ठ शिपायाच्या खांद्यावर हिरवी पट्टी असते. पाखंडी ठरलेल्यानं ती सगळ्यांदेखत स्वतःच्या हातानं थिनरनं पुसायची, ही यांची रीत. आजवर एकदाच तशी पुसली. नागपूरचा एक जण होता. पट्टी पुसून गेला तो पुन्हा आलाच नाही.

"मग सलीमही यायचा नाही."

"तसंच म्हणाला आहे फोनवर. पुसीन आणि जाईन."

"मग कशाला धरून बसलीस?"

"नियम आहे." असं म्हणून तिनं पेटी बंद केली. "चल तू पण. जंगल बघशील."

चंद्रपूर

चंद्रपूरला जुन्या गोंड राजांचा परकोट अजून उभा आहे. त्याच्या दरवाज्यातून रिक्षा, बस, म्हशी सगळं एकदम आत जातं. सलीमचं दुकान तिथून जवळच. पाट्या रंगवायचं, बापाच्या वेळेपासूनचं. यांच्या खेळातली वेससुद्धा त्यानं याच दरवाज्यासारखी केली आहे, वरची कमान आणि बाजूचे सिंहसुद्धा.

सलीम बारीक, उंच. बोलताना हात हवेत रंगवत असतात. आल्या आल्या त्यानं गाडीवर नेऊन पोहे खायला घातले. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं, कोथिंबीर. इथे पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात. मी म्हटलं, अरे, भिजवलेत कशाला? दुसरा घास घेतल्यावर गप्प बसले.

"मावशी, आता तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "मले माहीत होतं बटण येऊन राह्यलं. पण माह्या शिपायाले कुठी माहीत होतं? थो बिचारा वेशीवर उभा. दुश्मन दिसला, हातात हुकूम हाये का निघा. निघाला. ह्याले पाखंड म्हंता का?"

"शिपायाचं डोकं तूच आहेस ना?" सुजाता म्हणाली.

"डोकं मी हावो. डोळे नाई."

"सोयीचं बोलू नको."

"सोयीचं? वेस सोडली तं माहेबी सात शिपाई गेले! माही कोनती सोय?"

ही दोघं भांडतात आणि एकाच बशीतलं खातात. तेव्हा मला कळेना की भांडण खरं किती.

ते कळलं सलीमच्या घरी. त्याची बायको शबाना मला आत स्वयंपाकघरात घेऊन गेली. आंबट वरण, भात आणि वांग्याचं भरीत. वाढता वाढता ती हळूच म्हणाली, "मावशी, दुकानात पाट्या पाहिल्या ना? सगळं फ्लेक्स आलं. कंप्युटरवर करतेत. ह्यायचा बारीक ब्रश आता वर्षातून एकदा निघते, ह्या पुतळ्यांयसाठी. चौघांचे सगळे शिपाई हेच रंगवते. महिना महिना बसते. थे बंद झालं तं…" पुढचं तिनं भातावर वरण वाढून टाळलं. "तुमच्या पोरीले समजावा ना."

मी काय समजावणार? मला बटणाचासुद्धा नियम नीट कळला नव्हता. पण दुकानाच्या दारात मी बघितलं होतं. सलीमचे ब्रश तेलाच्या डब्यात उभे होते आणि तेलावर धूळ बसली होती.

वाटेत

चंद्रपूरहून जीप केली. बल्लारपूरला कागदाच्या गिरणीचा वास गाडीत शिरला, तो आष्टीपर्यंत पदरातून गेला नाही. पुढे वैनगंगेचा पूल. पाणी कमी, वाळू जास्त, आणि वाळूत काकड्या-टरबुजांच्या वेलांसाठी खड्डे खणून ठेवलेले. पूल ओलांडला की झाडं दाटायला लागतात. सुजाताचा नवा मोबाइल इथून पुढे मुका झाला.

नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबवली आणि पेटी उघडायला लावली. वर कापूस. कापूस काढला तर आत शंभरभर शिपाई, बंदुका रोखलेले. पोलिसानं एक चिमटीत धरून उचलला.

"ही कोनाची फौज?"

"आमचीच, साहेब," सुजाता म्हणाली.

"कोनाच्या विरोधात?"

"एकमेकांच्याच."

तो थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला, मग शिपायाच्या खांद्याकडे. "रंग मस्त दिला जी," असं म्हणून त्यानं शिपाई पुन्हा कापसात ठेवला. सलीम पुढचे चार मैल त्याच खुशीत होता.

मुलचेरा

मुलचेऱ्याच्या आसपास बंगाली माणसांची गावं आहेत. नकाशात पाहिलं तर विश्वास बसणार नाही. सागाच्या जंगलात मध्येच तळी, तळ्यात बदकं, अंगणात तुळस आणि बायकांच्या हातात शंखाच्या बांगड्या. निर्मल तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. त्याची आई मराठी बोलते, पण रागावली की बंगालीत. मला तो माशिमा, म्हणजे मावशी म्हणायचा. दोन दिवसांत मी त्यालाही सवयीनं ओ द्यायला लागले.

मोहरीतला मासा खाल्ला. मोहरी नाकात गेली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि निर्मलची आई म्हणाली, "आवडला! पाणी आलं म्हणजे आवडला." मग पिठे आले. वरून तांदूळ, आतून खोबरं-गूळ. कोकणातल्या मोदकाची लांबची बहीण. ते मी चार खाल्ले.

मडावींना सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून मुलचेऱ्याला तिघंच. जेवण झाल्यावर ओसरीत फळ्या लागल्या आणि सुनावणी सुरू झाली. सुजातानं मागच्या वर्षीची लढाई तशीच्या तशी मांडली, बटण दोन विती अलीकडे ठेवून. बोलायला उभी राहिली तशी मला ती शाळेतल्या वक्तृत्वाच्या स्पर्धेतली आठवली, फ्रॉकातली.

ती बोलत होती आणि सलीम काय करत होता? तिच्याच एका शिपायाचा प्रवासात टवका उडाला होता, तो मांडीवर धरून रंगवत होता. आरोप चाललाय स्वतःवर आणि हा आरोप करणारीच्या माणसाचे डोळे रंगवतोय.

"त्यानं हुकूम मोडला असं मी म्हणतच नाही," सुजाता म्हणाली. "हुकमाच्या आड लपला असं म्हणते. हे जास्त वाईट आहे. उघड फितूर परवडला."

निर्मल चष्मा पुसत बसला होता. "लपला असेल. पण आत काय होतं ते कसं मोजायचं? वीत मोजता येते." मग थोडं थांबून म्हणाला, "माझे बाबा पूर्व बंगालातून निर्वासित म्हणून आले तेव्हा या छावणीतून त्या छावणीत, सारखे हुकूम. इकडे चला म्हटलं की चलायचं. निघाल्यावर कळायचं की थांबा असा दुसरा हुकूम मागे येऊन पडला आहे. शेवटचा हातात पडला तो मुलचेऱ्याचा, म्हणून आम्ही मुलचेऱ्याचे. हातात आहे तोच हुकूम. माझं मत, एकनिष्ठ."

सलीमनं मान वर केली नाही. ब्रश मात्र थांबला.

मग मलाही राहवेना. मी म्हटलं, माझी एक आत्या होती. लांब वस्तीवर राहायची. छप्पन सालच्या दीक्षेनंतर आमच्या वाड्यातल्यांनी घरातले देव नदीत सोडले. आत्याला निरोपच नाही. ती आपली दर मंगळवारी देवीला दिवा लावत होती. सुगी झाल्यावर माहेरी आली आणि बोलता बोलता देवीचं नाव घेतलं, तर भाऊबंद तिच्यावर तुटून पडले. बाटली म्हणाले, फुटली म्हणाले. शेवटी माझ्या वडलांनी विचारलं, तिला सांगायला कोण गेलं होतं? कुणीच गेलं नव्हतं. सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले.

"बघ! बघ!" सलीम म्हणाला. "मावशीची आत्याबी पाखंडी का?"

"आई," सुजाता शांतपणे म्हणाली, "आत्याला खरंच माहीत नव्हतं. याला बटण दिसत होतं. आत्याला नदीकाठी उभी करून, देव सोडताना दाखवून, वर ती म्हणाली असती की मला निरोप आला नाही, तर आजोबा काय म्हणाले असते?"

 पोरगी माझी, पण मुद्दा बरोबर होता.

एक मत पाखंडाचं, एक निष्ठेचं. आरोपीला मत नसतं. राहिले मडावी. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळेच एटापल्लीला निघालो. निर्मलनं शाळेत तापाचा अर्ज दिला.

एटापल्ली

आलापल्लीच्या पुढे सागाची झाडं अशी उंच आहेत की मान मागे टाकून बघताना माझा अंबाडा सुटला. मध्ये मध्ये छोटी गावं. कुडाच्या भिंती इतक्या नीट सारवलेल्या की बोट लावायला भीती वाटावी. लोक कमी बोलतात. आमच्याकडे अनोळखी माणूस दिसला की आधी गाव विचारतात, मग जात, मग पगार. इथे बघतात आणि कामाला लागतात. मला आधी तो शिष्टपणा वाटला.

मडावी बसस्टँडवर उभे होते. पंचायत समितीत कारकून, ठेंगणे, हसरे. खेळात कायम शत्रूची बाजू घेतात. "कोनीतरी घ्यायलेच लागते ना, बाई," म्हणाले. त्यांनी आधी हॉटेलात नेलं. आलुबोंडा आणि चहा. चार बाकडी, सगळी भरलेली, रेडिओ चालू.

आता यापुढचं सांगते ते नीट ऐका, कारण यात चूक कुणाची म्हणाल तर सगळ्यांची, माझीही.

सुजाताला दम धरवत नव्हता. आलुबोंडा हातात धरूनच तिनं सुरुवात केली. आवाज तिचा खाणीतल्या यंत्रांवरून बोलायची सवय असलेला. "मडावीभाऊ, आता सगळं तुमच्या एका शब्दावर आहे. गद्दार कोण ते आज ठरलं पाहिजे. आणि ठरलं की शिक्षा आजच. पुढच्या वर्षावर ढकलायची नाही."

"मी कोनालेच फितूर नाई झालो!" सलीमही चढला. "दुश्मनाले काई सांगतलं नाई. मागे हटलो फक्त."

"मागे हटलास म्हणूनच माझी माणसं मेली!"

आणि मी काय करावं? मी म्हटलं, "होऊन जाऊ द्या एकदाचं. पुरावे मांडा आणि मोकळे व्हा."

रेडिओ बंद झाला. मला वाटलं वीज गेली. बघते तर मालकाचा हात रेडिओवर. आमच्या बाजूच्या बाकड्यावरचा माणूस अर्धा चहा तसाच ठेवून उठला. त्याच्यामागे दुसरा. कुणी आमच्याकडे बघत नव्हतं, आणि कुणी बघत नाहीये हेच दिसत होतं. मालक जवळ आला, मडावींकडे वाकून गोंडीत काहीतरी बोलला, मग आम्हाला म्हणाला, "चहाचे पैशे राहू द्या. उठा तुम्ही."

मडावींचं हसू गेलं होतं. त्यांनी आम्हाला बाहेर काढलं, रस्ता ओलांडून पिंपळाखाली नेलं, तेव्हा कुठे बोलले. "ताई, हे शब्द इथी कोनी मोठ्यानं बोलत नाई. गद्दार, शिक्षा, माणसं मेली. इथी जंगलातले अन् वर्दीतले, दोनीकडून विचारतेत, तू कोनाचा? आन् एकदा कोनाचं नाव त्या शब्दाले चिकटलं, तं मंग बटनबी नाई लागत अन् वीतबी नाई लागत." आवाज त्यांनी अजिबात चढवला नाही. "तुमी उद्या जासान. मले इथीच राहाचं हाये. आता थे सगळे घरी जाऊन म्हंतीन, मडावीकडे बाहेरचे लोक आले, कोनाले गद्दार ठरवाले."

सुजाताच्या हातात अर्धा आलुबोंडा तसाच होता. तिचा चेहरा मी तिच्या लहानपणापासून ओळखते. इतका उतरलेला मी तो कमी वेळा पाहिला.

"पेटी द्या," मडावी म्हणाले.

पेटी घेऊन ते सरळ पुन्हा हॉटेलात गेले. आम्ही मागे. चहाचे ग्लास बाजूला सारून त्यांनी एकेक शिपाई बाकड्यावर मांडला. वेस मांडली. टेकड्या नव्हत्या, तर बशा पालथ्या घातल्या. मग गोंडीत सगळं सांगायला लागले. शब्द मला कळत नव्हते, पण बटण सरकवून दाखवलं ते कळलं. उठून गेलेल्यांतले दोघं दारात येऊन उभे राहिले. मग तिघं. मालकानं एक शिपाई उचलून उजेडात धरला.

एक म्हातारा, खांद्यावर कुऱ्हाड, पुढे आला. बाकड्यावर नजर फिरवून मराठीत म्हणाला, "मंग, यातला थो कोनता?"

शब्द त्यानं घेतला नाही. पण प्रश्न सगळ्यांना कळला. मडावींनी उत्तर दिलं नाही. त्यांनी सुजाताकडे पाहिलं. सगळं हॉटेल सुजाताकडे बघायला लागलं.

"यात तसा कोणी नाही, बाबा," ती म्हणाली. "मी हरले, म्हणून भांडत होते."

म्हातारा तोंडभर हसला. "हारली!" त्यानं मागे वळून सांगितलं, आणि मागचेही हसले. मालकानं रेडिओ लावला. मग आमच्याकडून त्यानं पाच चहांचे पैसे बरोब्बर घेतले, तेव्हा माझा जीव खाली बसला.

मडावींच्या अंगणात

मडावींचं घर गावाच्या कडेला. अंगणातून लांबवर सूरजागडचे डोंगर दिसतात, निळे, काठाला लालसर. आत सगळं लोखंड आहे म्हणतात. त्या डोंगरावर यांचा देव. खाण व्हावी म्हणणारे आहेत, नको म्हणणारे आहेत. मडावींना विचारलं तर म्हणाले, "बाई, जेवा." त्यांच्या बायकोनं तांबड्या मुंग्यांची चटणी वाढली. लिंबासारखी आंबट. मी फलटणला सांगितलं तर बायकांनी तोंडं वाकडी केली. न खाणाऱ्याला काय कळणार?

मला वाटलं, आता भांडण मिटलं. आरोप करणारीनंच भर हॉटेलात सांगितलं की तसा कोणी नाही. पण जेवणं झाल्यावर सलीम म्हणाला, "मी असा सुटलेला नाई मानत."

"अरे बाबा, आता काय?" मी म्हटलं.

"भीतीनं सोडलं मले. मडावीभाऊची गोष्ट होती म्हणून थी बोलली. मनात तं तिच्या अजूनबी हाये." सुजाताकडे बघून म्हणाला, "हाये का नाई? खरं सांग."

सुजाता खोटं बोलत नाही, हा तिचा मोठा दोष आहे. "आहे," ती म्हणाली. "तो शब्द मी पुन्हा घेणार नाही. पण तुला बटण दिसत होतं."

"मंग खांद्यावर पट्टी ठेवून काय करू? पाहून पाहून रंगवू?" त्यानं पिशवीतून थिनरची बाटली काढून ओट्यावर ठेवली. घरूनच आणली होती त्यानं.

 मग मडावी म्हणाले, "मी मत नाई देत. इथी बसून कोनाच्या मनात काय होतं, हे मी नाई ठरवत. पन एक करू. सकाळी तोच डाव पुन्हा मांडू. सलीमभाऊ फळीजवळ नाई बसत. थो अंगणात बसन. आमी आतून फक्त सांगू, वेशीवरून काय दिसते. थो तिथूनच वरडून सांगन, का माही माणसं काय करतेत. हुकूम पोचला तं सांगू, नाई पोचला तं नाई सांगू. निघाला का नाई, थेबी नाई सांगाचं."

निर्मलनं चष्मा काढला. "हे आधी का नाही सुचलं?"

"आधी तुमी सारे एका खोलीत बसून हुकूम पाठवत होते," मडावी म्हणाले.

सकाळी ऊन कोवळं होतं. सलीम मोहाच्या झाडाखाली माझ्याजवळ येऊन बसला, घराकडे पाठ करून. मी पोपटाच्या शेंगा सोलत होते. इकडे वालाला पोपट म्हणतात, तसाच हिरवागार. त्यानंही मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या. नखांत हिरवा रंग कधीचा बसलेला.

आतून निर्मलचा आवाज आला, "पहिला डाव. वेशीवरून काही दिसत नाही."

"उभेच हाये!" सलीम ओरडला. मग मला हळूच म्हणाला, "मावशी, तिनं हुकूम सोडला असन का? का मुद्दाम नसन सोडला?"

"मला काय ठाऊक, बाबा. मीही तुझ्यासारखीच बाहेर."

"दुसरा डाव. काही नाही."

"उभेच!"

तिसऱ्या डावाला जास्तच वेळ लागला. आत फळीवर काहीतरी घासल्याचा आवाज झाला. सलीम मान वळवणार एवढ्यात त्यानं ती स्वतःच आवरली आणि शेंगेकडे बघत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि थंडी अशी की मी शाल घेतलेली.

"तिसरा डाव," निर्मल म्हणाला. "शत्रू दिसला."

 शेंगेतले तीन दाणे सलीमनं माझ्या सुपात एकेक करून टाकले. पट्टी राहायची असेल तर सोपं काय होतं? थांबतो म्हणायचं. सुजाताला हवं तेच झालं असतं, हुकूम पोचलेला असो नसो. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं, थांबतो म्हण रे बाळा.

"पोचला का काई?" त्यानं विचारलं.

आतून उत्तर नाही.

"मंग जुनाच हाये," तो म्हणाला, आणि आवाज मोठा केला. "वेस सोडली! माही माणसं मागे निघाली!"

 आतून मडावींचं हसणं, मग लढाईचे फासे पडल्याचा आवाज, एकदा, दोनदा, चारदा. मला कळलं, सुजाताची फौज पुन्हा कापली जात होती.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या मुठीत काहीतरी होतं. सलीमसमोर उकिडवी बसून तिनं मूठ उघडली. बटण.

"एकच वीत राहिली होती," ती म्हणाली.

सलीमनं बटणाकडे पाहिलं. "निर्मलची का माही?"

"निर्मलची."

"मंग लई मोठी नसते थे."

"नसते," सुजाता म्हणाली. तिनं ओट्यावरची थिनरची बाटली उचलली, झाकण घट्ट केलं आणि त्याच्या पिशवीत परत ठेवली. "ऊठ. माझे दहा जण पडलेत आत. तिघांच्या बंदुका मोडल्या."

"पुन्हा मीच करू?"

"मग कोण करणार?"

त्यानं उरलेल्या शेंगा माझ्या सुपात लोटल्या, धोतराला पुसावेत तसे हात पँटला पुसले आणि ब्रश काढून आत गेला.